ग्रीन कार्ड: अर्ज अमेरिकेतून की मुलाखत भारतात?

ग्रीन कार्ड म्हणजे अमेरिकेत कायम राहण्याचा परवाना. तो मिळवण्याच्या दोन्ही वाटांची सुरुवात बहुतेकदा एकच: तुमच्यासाठी भरलेली कंपनीची आय-१४० किंवा नातेवाइकाची आय-१३० याचिका. फाटा पुढे फुटतो.

अमेरिकेत वैध स्टेटसवर असाल तर आय-४८५ (तिथूनच ग्रीन कार्ड मागण्याचा अर्ज) भरा, पण व्हिसा बुलेटिनमध्ये (अमेरिकन सरकारचं दरमहाचं पत्रक) तुमची प्रायॉरिटी डेट, म्हणजे रांगेतली तारीख, लागल्यावरच. अमेरिकन नागरिकाच्या जोडीदाराला हा थांबा नाही. सोबत आय-७६५ हा अर्ज दिला की निकालाआधीच कामाचा परवाना मिळू शकतो. निकाल रखडला तरी नोकरी, मुलांची शाळा चालू राहते, म्हणून हीच वाट बरी. घात होतो तो प्रवासात. ॲडव्हान्स पॅरोल (बाहेर जाऊन परत येण्याची आगाऊ परवानगी) हातात येण्याआधी देशाबाहेर पडलात, तर अर्ज सोडून दिला असं धरतात. एच-१बी किंवा एल-१ या नोकरीच्या वैध व्हिसावाल्यांना यातून सूट आहे.

भारतात असाल तर डीएस-२६० हा ऑनलाइन व्हिसा अर्ज भरायचा, कागद अमेरिकेच्या नॅशनल व्हिसा सेंटरकडे, मुलाखत बहुधा मुंबईच्या वाणिज्य दूतावासात. पासपोर्ट, जन्मदाखला आणि विवाह प्रमाणपत्रावरची नावं जुळली नाहीत की फाइल इथेच अडकते. दुरुस्त्या आधीच करून घ्या.

अमेरिकेत सलग १८० दिवसांहून जास्त बेकायदा राहिलेल्यांनी मुलाखतीसाठी निघण्याआधी वकील गाठावाच. देश सोडताच ३ वर्षांची प्रवेशबंदी लागते. मुक्काम वर्षभर किंवा जास्त झाला असेल तर १० वर्षांची.