फुकटात ट्रेनिंग बनवायचंय? लुमीबद्दल एका टेक्निकल रायटरचं मत

आधीच सांगते, लुमी, म्हणजे क्लिक करत शिकायचं ट्रेनिंग बनवायचं अ‍ॅप, फुकट आहे आणि कामाचं आहे. पण त्यात अख्खं मॅन्युअल ओतलं की ट्रेनिंग तयार झालं असं कोणाला वाटत असेल तर नाद सोडा.

पुण्यात टेक्निकल रायटर म्हटलं की लोकांना हिंजवडी आठवते. मी भोसरी एमआयडीसीत आहे, सीएनसी, म्हणजे कॉम्प्युटरवर चालणाऱ्या, मशीनच्या कंट्रोल पॅनेलची मॅन्युअलं लिहिते, आणि हल्ली मॅन्युअलसोबत सेल्सवाल्यांना "ते क्लिक करायचं ट्रेनिंग" पण हवं असतं, तेही बुधवारी संध्याकाळपर्यंत कारण गुरुवारी एमआयडीसी बंद. बजेटचं विचारलं की सगळे चहाला निघून जातात.

पैसे असतील तर प्रश्नच नाही, आर्टिक्युलेटचं राइज घ्या, ब्राउझरमध्ये एकाखाली एक ब्लॉक लावत जायचं, मोबाईलवर पण आपोआप नीट दिसतं. पण वर्षाचं सबस्क्रिप्शन माणशी हजार डॉलरच्या वर जातं, आणि वर्षातून चार मॉड्यूल बनवणाऱ्या छोट्या कंपनीत हा आकडा अकाउंट्सला सांगायची माझी हिंमत नाही. कॅप्टिव्हेट आहे, अ‍ॅडोबीचं, सॉफ्टवेअरच्या स्क्रीनचं सिम्युलेशन रेकॉर्ड करायचं असेल तर तिकडेच बघा. ते लुमीत होत नाही, फार तर स्क्रीनशॉटवर प्रश्न लावून वेळ मारून नेता येते.

तर लुमी. हे डेस्कटॉप अ‍ॅप आहे, ओपन सोर्स, विंडोज, मॅक, लिनक्स तिन्हीवर चालतं. आत सगळं एचफाइव्हपी आहे, म्हणजे असे क्लिक करायचे प्रश्न-व्हिडिओ बनवायची ओपन सोर्स पद्धत. हे प्रकरण नॉर्वेतलं, २०१३ पासूनचं, मूडल (सर्व्हरवर कोर्स चालवायचं सॉफ्टवेअर) किंवा वर्डप्रेस वापरणाऱ्यांना प्लगइनमुळे माहीत असेल. मूडलमध्ये तर व्हर्जन ३.९ पासून हे बनवून साठवायला आतच कंटेंट बँक आहे, त्यामुळे तुमच्याकडे मूडल असेल तर लुमीची गरजच नाही. आमच्याकडे सर्व्हरही नाही आणि तो सांभाळणारा आयटीचा माणूसही नाही, म्हणून लुमी. लॅपटॉपवर बनवायचं आणि एक्स्पोर्ट करताना एकतर एकच एचटीएमएल फाईल काढायची नाहीतर स्कॉर्म पॅकेज, म्हणजे कोर्सचा निकाल कंपनीच्या ट्रेनिंग सिस्टिमला कळवणारी फाईल. लॉगिन नाही, "तुमची ट्रायल संपली" नाही.

यातले प्रकार ढीगभर आहेत पण रोजच्या कामाचे तीन-चारच. इमेज हॉटस्पॉटमध्ये पॅनेलचा फोटो टाकून बटणांवर ठिपके लावायचे, ठिपका दाबला की माहिती उघडते, अर्ध्या तासाचं काम. इंटरॅक्टिव्ह व्हिडिओमध्ये मध्येच प्रश्न येतो, आणि सेटिंग केलं तर उत्तर बरोबर आल्याशिवाय पुढे सोडत नाही, व्हिडिओ पुढे ढकलणं पण बंद करता येतं. नवीन पोरं व्हिडिओ लावून मोबाईल बघत बसतात, त्यांच्यावर हा उपाय बरा. ड्रॅग अँड ड्रॉप दिसायला छान, पण छोट्या टॅबवर जाड बोटांनी ओढताना लोक वैतागतात, मी टाळते.

खरी मजा ब्रँचिंग सिनॅरिओची, म्हणजे जसं उत्तर द्याल तशी पुढची फांदी उघडते. आमच्या सर्व्हिसला सारखे येणारे फोन असे की सायकल स्टार्ट दाबलंय, स्पिंडल फिरतोय, पण टूल जागचं हलत नाही, मशीन बिघडलं, माणूस पाठवा. दर वेळी नाही, पण बऱ्याचदा फीड ओव्हरराइडचा, म्हणजे टूल सरकायचा वेग कमी-जास्त करायचा, नॉब कोणीतरी शून्यावर ठेवून गेलेला असतो. मॅन्युअलमध्ये हे आहे, मीच लिहिलंय, ट्रबलशूटिंगच्या टेबलात अगदी नीट, आणि ते टेबल कोणीही उघडत नाही. ब्रँचिंगमध्ये तोच प्रसंग ठेवला, मशीन या अवस्थेत आहे, आता काय कराल: रीसेट, परत होम घ्यायचं (मशीन मूळ जागी न्यायचं), सर्व्हिसला फोन, का नॉब बघायचा. रीसेट दाबलं तर प्रोग्राम सुटला आणि अर्धवट जॉब (कापायचा तुकडा) तो पकडणाऱ्या चकमध्ये अडकून बसला, आता मशीन लावून देणाऱ्या सेटरला बोलवा, अशी फांदी पुढे जाते. हे चाकणच्या एका कस्टमरकडे दाखवलं तेव्हा तिथले सेटर काका मागे उभे राहून बघत होते, म्हणाले, "मॅडम, सरळ नॉब फिरवा म्हणू नका. टूल जॉबला चिकटून उभं असेल आणि पोरानं एकदम शंभरावर नेला तर इन्सर्ट गेलाच. आधी टूल कुठंय ते बघायला लावा, मग हळूहळू वाढवायला सांगा." (इन्सर्ट म्हणजे टूलच्या टोकाला बसवलेला कापणारा तुकडा.) ती फांदी तिथल्या तिथे लॅपटॉपवर घातली, परत एक्स्पोर्ट केलं, टॅबवर टाकलं. मॅन्युअलमध्ये हाच बदल म्हणजे रिव्ह्यू, अप्रूव्हल, नवीन रिव्हिजन नंबर, पुढच्या महिन्यात बघू. अशा टूलना झटपट (रॅपिड) म्हणतात ते मला इथे पटलं, बनवण्यापेक्षा बदलणं झटपट आहे.

आता मराठीचं. युनिकोड असल्यामुळे लिहायला दिसायला अडचण नाही, जोडाक्षरं नीट येतात. गोची होते गाळलेल्या जागा भरा या प्रकारात, कारण तिथे टाइप केलेलं उत्तर अक्षराला अक्षर ताडून बघतात. ऑपरेटरने मराठी कीबोर्डवरून मराठी आकडा टाकला आणि तुम्ही उत्तर इंग्रजी आकड्यात ठेवलं असेल तर चूक दाखवणार. उपाय सोपा आहे, उत्तर लिहिताना तिरकी रेघ (/) मारून दोन्ही रूपं द्यायची. ऱ्हस्व-दीर्घासाठी किरकोळ चुका चालवून घ्यायची एक टिक आहे, छोट्या शब्दाला एक चूक माफ, नऊपेक्षा जास्त अक्षरांना दोन, त्यामुळे "मिनिट"चं "मिनीट" केलं तरी पोरगा नापास होत नाही. पण उत्तर आकड्याचं असेल तर ही टिक बिलकुल लावू नका, १२०० आरपीएमच्या जागी कोणी १५०० लिहिलं तर तीही एकाच अक्षराची चूक ठरते. मी तर आकड्यांसाठी सरळ पर्याय देते.

न आवडलेलं एक म्हणजे सिंगल सोर्सिंग नाही. आपण टेक्निकल रायटर वर्षानुवर्षं एकदा लिहा दहा ठिकाणी वापरा हे घोकत आलो, आणि इथे वॉर्निंगचं वाक्य बदललं की प्रत्येक मॉड्यूल उघडून हाताने बदलायचं. थोडी पळवाट आहे, एचफाइव्हपीची फाईल म्हणजे आतून झिपच, एक्स्टेन्शन बदलून उघडली की कंटेंट फोल्डरमध्ये एक जेसन फाईल असते आणि सगळा मजकूर त्यात सापडतो, हिंदी भाषांतरासाठी तीच फाईल भाषांतरकाराला देता येते, पण एखादा कंस इकडचा तिकडे झाला तर मॉड्यूल उघडणार नाही. बाकी दिसायला साधं आहे, मार्केटिंगवाले नाक मुरडतील. आणि एकाच एचटीएमएल फाईलमध्ये मोठा व्हिडिओ कोंबला तर फाईल अवाढव्य होते, व्हिडिओ असेल तेव्हा मीडिया वेगळा ठेवायचा पर्याय निवडा.

एचटीएमएलमधून कोणी किती सोडवलं ते आपोआप आपल्याकडे येत नाही हेही लक्षात घ्या. सेफ्टीचं ट्रेनिंग असेल, ऑडिटला रेकॉर्ड लागत असेल, तर स्कॉर्मच लागणार, आणि तिथून खरी डोकेदुखी सुरू. एका कस्टमरचा एलएमएस (कोण काय शिकलं त्याची नोंद ठेवणारी ट्रेनिंग सिस्टिम), नाव नको, पूर्ण सोडवलेला कोर्स "अपूर्ण" दाखवायचा आणि त्यांचा अ‍ॅडमिन म्हणायचा तुमचं पॅकेज खराब आहे. अशा वेळी वाद घालत बसू नका, तेच पॅकेज स्कॉर्म क्लाउड या तपासायच्या साइटवर चढवा, छोट्या टेस्टिंगपुरतं फुकट आहे. तिथे नीट चाललं तर स्क्रीनशॉट मेलला जोडायचा आणि गप्प बसायचं. अजून बरेच एलएमएस स्कॉर्म १.२ वर अडकलेत, म्हणजे २००१ चं स्टँडर्ड, त्यात "पूर्ण केलं" आणि "पास झाला" याला मिळून एकच खाना आहे आणि माणूस कुठपर्यंत आला ते साठवायला ४०९६ अक्षरं. म्हणून मॉड्यूल लहान ठेवा, एका बैठकीत संपेल इतकंच. तसंही सेकंड शिफ्टला कोण तासभर बसून शिकणार आहे.

माझ्याकडून पाचात चार. एकटे असाल, बजेट नसेल, विषय स्वतःला नीट कळत असेल तर डोळे झाकून घ्या. पन्नास मॉड्यूल, चार भाषा, टीममध्ये मिळून काम असेल तर पैसे मागा, लुमीवर भागणार नाही. आणि इन्स्टॉल केल्यावर प्रत्येक प्रकार पहिल्यांदा नेटवरून उतरवून घ्यावा लागतो, तेव्हा कस्टमरच्या शॉप फ्लोअरवर जायच्या आधी ऑफिसातच हवे ते सगळे उतरवून ठेवा, आत बऱ्याच ठिकाणी रेंजही नसते आणि वायफायचा पासवर्ड मागायला गेलं तर सिक्युरिटीपासून सुरुवात करावी लागते.