तीन वर्षांनंतर लिहितेय, मुलगी तिसरीत आहे

मुलगी पहिलीपासून इंदूरच्या याच कॉन्व्हेंट शाळेत आहे. आम्ही तिलकनगरला राहतो, घरी मराठी, गल्लीत हिंदी आणि शाळेत इंग्रजी, त्यामुळे ऍडमिशन घेताना मला एकच धास्ती होती की पोरगी तिन्हीकडे अर्धवट राहील.

पहिलीत सुरुवातीला झालंही तसंच. आजीने सत्तावीस सांगितलं की ही 72 लिहायची, कारण मराठीत सात आधी ऐकू येतो आणि वीस नंतर, शाळेत मात्र ट्वेंटी आधी. मी रागवायचे. तिच्या मिसने मला सांगितलं रागवू नका, घरी मराठीतच मोजू द्या, आणि आईस्क्रीमच्या काड्यांचे दहा-दहाचे गठ्ठे रबरबँड लावून घरी पाठवले. गठ्ठे डावीकडे, सुट्या काड्या उजवीकडे, मग लिहायचं. दोन आठवड्यांत ते उलटं लिहिणं बंद झालं. पुढे 52 वजा 27 करताना दोनातून सात जात नाहीत म्हणून ती स्वतः एक गठ्ठा सोडायची, दहा काड्या सुट्या करायची, बारातून सात काढायची. आम्हाला लहानपणी फक्त 'उसना घे' सांगायचे, कुठून आणि का ते कोणीच दाखवलं नाही.

वाचनावर पण खूप मेहनत घेतात. सरकारच्या निपुण भारत या लहान मुलांच्या वाचन-गणिताच्या योजनेत तिसरीच्या मुलाने मिनिटाला निदान 60 शब्द समजून वाचावेत असं आहे, पण इथे शिकवणाऱ्या सिस्टर (नन) नुसता वेग बघत नाहीत, प्रत्येक मुलाला जवळ बसवून न वाचलेलं पान वाचायला देतात आणि मग विचारतात काय झालं गोष्टीत. रिझल्टमध्ये माझ्या मुलीबद्दल लिहिलं होतं की भरभर वाचते पण स्वल्पविरामाला थांबत नाही. इतकं बारीक कोण बघतं हो? मला ग्रेडपेक्षा ती एक ओळ जास्त कामाची वाटली.

धर्माबद्दल बरेच जण विचारतात म्हणून सांगते, कॅटेकिझम म्हणजे ख्रिस्ती धर्मशिक्षण फक्त कॅथलिक मुलांना, त्याच तासाला बाकीच्यांना मॉरल सायन्स. त्यातच मुलगी सिस्टर राणी मारिया यांच्याबद्दल ऐकून आली. उदयनगरकडच्या आदिवासींना सावकारांपासून सोडवण्यासाठी त्या झटत होत्या, 25 फेब्रुवारी 1995 ला त्यांना बसमधून ओढून मारलं, आणि पुढे त्यांच्या सख्ख्या बहिणीने मारणाऱ्याला तुरुंगात जाऊन राखी बांधली. 2017 मध्ये इथे इंदूरलाच चर्चने त्यांना 'ब्लेस्ड', म्हणजे संतपदाच्या आधीची पायरी, जाहीर केलं. इथेच राहून मला यातलं काही माहीत नव्हतं, मुलीने जेवताना सांगितलं, आजी घास हातात धरून ऐकत होत्या.

आता तक्रार. वर्गात 48 मुलं आहेत आणि ती जास्तच आहेत. पीटीएमला पाच मिनिटं मिळतात, तेवढ्यात मागचे पालक खांद्यावरून डोकावायला लागतात. गेल्या वर्षी हिंदीच्या मिस मधेच सोडून गेल्या, नवीन यायला दोन महिने लागले, तेवढ्यात मात्रांचा गोंधळ झाला तो अजून पूर्ण निस्तरलेला नाही, घरी मी रोज दहा ओळी शुद्धलेखन घेते. फोन केला की ऑफिसमधून 'बघतो' एवढंच उत्तर. शाळेने हे मनावर घ्यायला हवं, कारण शिकवणाऱ्या खरंच चांगल्या आहेत आणि 48 मुलांत त्या दमून जातात हे दिसतं.

पहिलीला घालणार असाल तर सकाळी शाळा चालू असताना जा आणि वर्गात किती मुलं आहेत ते स्वतः विचारा. मी धाकट्याचा फॉर्म इथलाच भरणार आहे.