मॅरान्ट्झचा ऊबदारपणा, यामाहाचा लख्खपणा: दसऱ्यापासूनचा अनुभव

गेल्या दसऱ्याला मॅरान्ट्झ पीएम ६००७ हा इंटिग्रेटेड ॲम्प्लिफायर (स्रोत निवडणे, आवाज कमी-जास्त करणे आणि स्पीकरला ताकद देणे हे सगळे एकाच पेटीत) घरी आणला आणि तेव्हापासून तो जवळजवळ रोज वाजतो आहे. दिवाळीनंतर जुळे सोलापुरात राहणाऱ्या मावसभावाने त्याचा यामाहा ए-एस ५०१ बराच काळ माझ्याकडे ठेवू दिला. त्यामुळे एकाच खोलीत, त्याच स्पीकरवर आणि त्याच ध्वनिमुद्रणांवर दोन्ही आलटूनपालटून ऐकता आले. मॅरान्ट्झ म्हणजे ऊबदार, यामाहा म्हणजे लख्ख आणि काहीसा कोरडा, नॅड म्हणजे भरदार, डेनॉन म्हणजे खर्जाला पक्का, अशी वर्णने विक्रेत्यांपासून जाणकारांपर्यंत सगळेच करतात. त्यांत तथ्य किती, हे सांगण्याइतका वापर आता झाला आहे.

दोन्हींचे व्हॉल्यूमचे नॉब सारख्या जागी ठेवून ऐकले, तर यामाहा उघडच अधिक मोकळा वाटतो. तानपुऱ्याची जवारी सुटी सुटी ऐकू येते, डग्ग्याची घुमक नेमकी बसते. परंतु नॉब सारख्या जागी आहे म्हणून स्पीकरपर्यंत पोहोचणारा आवाज सारखा असतो असे नाही, कारण प्रत्येक ॲम्प्लिफायरचा गेन (येणारा सिग्नल किती पट मोठा होतो ते प्रमाण) वेगळा असतो. शिवाय अर्ध्या डेसिबलची वाढ कानाला 'मोठा आवाज' म्हणून जाणवत नाही, ती 'चांगला आवाज' म्हणून जाणवते. दुकानातल्या निम्म्या तुलना इथेच निकालात निघतात, असे माझे मत आहे.

म्हणून १०० हर्ट्झचा स्थिर स्वर वाजवून स्पीकरच्या टर्मिनलवर मल्टिमीटरने एसी व्होल्टेज मोजले. साधा मल्टिमीटर उंच स्वरांवर भरवशाचा आकडा देत नाही, म्हणून स्वर खालचा घेतला. एकावर १ व्होल्ट आणि दुसऱ्यावर फार तर १.०१ व्होल्ट येईल इतके जुळवले की फरक ०.१ डेसिबलच्या आत येतो. मॅरान्ट्झवर सोर्स डायरेक्ट आणि यामाहावर प्युअर डायरेक्ट चालू केले, म्हणजे बास-ट्रेबलचे टोन कंट्रोल मध्ये येत नाहीत. कोणता ॲम्प्लिफायर जोडला आहे हे न सांगता तारा बदलण्याचे काम मुलीने केले. एवढे केल्यावर मल्लिकार्जुन मन्सूर, किशोरी आमोणकर, सनई, पेटी यांपैकी काहीही मध्यम आवाजात लावले तरी मला, मावसभावाला किंवा वडिलांना खात्रीने ओळख पटली नाही. 'स्टिरिओ रिव्ह्यू' या अमेरिकी मासिकाने १९८७ साली स्वस्त आणि महाग ॲम्प्लिफायरची अशीच चाचणी प्रसिद्ध केली होती आणि तिचाही निष्कर्ष याच दिशेचा होता.

मग ही वर्णने आली कुठून? मॅरान्ट्झची ख्याती १९५०च्या दशकात न्यूयॉर्कमध्ये सॉल मॅरान्ट्झ यांनी बनवलेल्या व्हॅक्यूम ट्यूबच्या यंत्रांपासूनची आहे. ट्यूबच्या ॲम्प्लिफायरचा आउटपुट इम्पीडन्स (इम्पीडन्स म्हणजे बदलत्या विजेला होणारा विरोध, तो ओहममध्ये मोजतात) बराच जास्त असतो आणि स्पीकरचा इम्पीडन्स तर प्रत्येक स्वराला बदलत असतो. त्यामुळे काही पट्टे किंचित उचलले जातात, काही दबतात, आणि तो फरक खरोखर ऐकू येतो. आजच्या ट्रान्झिस्टरच्या ॲम्प्लिफायरमध्ये हा इम्पीडन्स नगण्य असतो. नॅडचे नाव झाले ते १९७८ च्या ३०२० या मॉडेलमुळे. कागदावर २० वॉटचा हा छोटा ॲम्प्लिफायर क्षणिक उसळ्यांना त्याहून बरीच अधिक ताकद देई आणि ताकद संपत आली की त्याची सॉफ्ट क्लिपिंगची सोय आवाज एकदम फाटू देत नसे. म्हणजे तेव्हाची कीर्ती निराधार नव्हती. ती विशिष्ट रचनेची होती, नाव मात्र ती सरसकट पुढे वाहत राहिले.

याचा अर्थ दोघांत फरकच नाही असा मुळीच नाही. रोजच्या वापरात मला सर्वांत मोठा वाटलेला फरक कमी आवाजातला आहे. वडील पहाटे अभंग लावतात आणि घरात बाकीचे झोपलेले असल्यामुळे आवाज अगदी हळू ठेवतात. आवाज जितका कमी, तितका आपल्या कानाला खर्ज कमी ऐकू येतो. फ्लेचर आणि मन्सन या संशोधकांनी १९३३ साली याचे आलेख मांडले. हळू आवाजात पखवाज नुसता टकटक वाजतो आणि गायकाचा आवाज पातळ होतो, तो यामुळे. मॅरान्ट्झवर यासाठी लाउडनेसचे एक बटण आहे, ते चालू किंवा बंद एवढेच. यामाहावर लाउडनेसचा स्वतंत्र नॉब आहे. आधी मुख्य व्हॉल्यूम आपल्या नेहमीच्या मोठ्यात मोठ्या पातळीवर ठेवायचा आणि मग हा नॉब फिरवून आवाज खाली आणायचा. आवाज उतरताना खर्जाची भरपाई त्याच बेताने होत जाते. पखवाजाची थाप पुन्हा भरीव होते, टाळ कानाला बोचत नाहीत. वडिलांनी चार दिवसांत यामाहालाच पसंती दिली आणि त्यांचे म्हणणे मला पूर्ण पटते. हळू ऐकणाऱ्याने या एका नॉबसाठी यामाहा घ्यावा.

ताकदीचा प्रश्न त्यामानाने साधा आहे. ८ ओहमला मॅरान्ट्झ ४५ वॉट देतो आणि यामाहा ८५. आकडे जवळपास दुप्पट असले तरी आवाजातला फरक ३ डेसिबलहूनही कमी भरतो. माझे ८७ डेसिबल संवेदनशीलतेचे (ठरावीक ताकदीला स्पीकर किती मोठा वाजतो त्याचे माप) छोटे स्पीकर मध्यम हॉलमध्ये असताना मॅरान्ट्झ कमी पडत नाही. फक्त हलगी-संबळाचे ध्वनिमुद्रण मोठ्याने लावले, की थापेच्या टोकाला तो आक्रसतो आणि यामाहा सहज निभावून नेतो. ज्यांचे स्पीकर ४ ओहमचे आहेत त्यांनी वॉटचा आकडा त्या भाराला किती आहे हे आधी पाहावे.

तबकड्यांच्या बाबतीत मला मॅरान्ट्झ अधिक आवडला. तबकडी कापताना खर्ज दाबलेला आणि उंच स्वर उचललेले असतात; फोनो विभागात, म्हणजे तबकडीचा क्षीण सिग्नल वाढवणाऱ्या भागात, १९५४ पासून रूढ असलेल्या आरआयएए वक्राप्रमाणे ते परत सपाट करावे लागतात, आणि कार्ट्रिजला (सुई बसवलेल्या भागाला) मिळणाऱ्या कपॅसिटन्सवरही (विद्युतधारकतेवरही) तार सप्तकाचा तोल ठरतो. इथे दोन यंत्रे वेगळी वाजणे स्वाभाविक आहे. आमच्याकडच्या घासलेल्या नाट्यसंगीताच्या तबकड्यांवर मॅरान्ट्झमधून सुईची चरचर मागे राहते आणि ऑर्गन पुढे येतो. 'ऊबदार' हा शब्द मी इथे मनापासून वापरेन.

मावसभावाला मात्र हाच यामाहा त्याच्या घरी कर्कश वाटत होता. त्याच्या हॉलमध्ये शहाबादी फरशी, उघड्या भिंती आणि मोठी काचेची खिडकी आहे. आम्ही जमिनीवर जाड सतरंजी अंथरली, खिडकीला दुहेरी पडदा लावला आणि स्पीकर मागच्या भिंतीपासून दोन फूट पुढे ओढले. तार सप्तकातला बोचरेपणा तिथल्या तिथे उतरला. ॲम्प्लिफायर बदलून आवाजात इतका फरक मला एकदाही मिळालेला नाही.

उन्हाळ्याविषयीही लिहिले पाहिजे, कारण आपल्याकडे पारा ४२ अंशांच्या वर जातो. दोन्ही ॲम्प्लिफायर एबी क्लासचे आहेत, म्हणजे गाणे चालू नसतानाही त्यांतून थोडी वीज वाहत राहते, आणि नुसते चालू ठेवले तरी तापतात. शोकेसच्या बंद खणात ते ठेवू नयेत, वरच्या जाळीवर चादर किंवा रुमाल टाकू नये आणि जाळीतली धूळ मऊ ब्रशने काढत राहावे.

यामाहा आता मावसभावाकडे परत गेला आहे. माझ्याकडे तबकड्या जास्त ऐकल्या जातात म्हणून मी मॅरान्ट्झ ठेवला. वडिलांसाठी पहाटे सोर्स डायरेक्ट बंद करून, लाउडनेसचे बटण दाबून बास किंचित वाढवून देतो. यामाहाच्या नॉबइतके ते नेमके होत नाही, तरी पखवाज ऐकू येतो. पुण्याला किंवा हैदराबादला जाऊन ऐकून घेणाऱ्यांनी आपले ओळखीचे ध्वनिमुद्रण बरोबर न्यावे, घरी आहेत त्याच जातीचे स्पीकर जोडायला सांगावे आणि हळू आवाजातही दहा मिनिटे ऐकावे.