अपील चालू असताना: विक्री थांबवण्याची हमी द्यावी की हिशेब ठेवून विकावं?

सिंगल जजने पेटंटधारकाचा अंतरिम मनाईचा (दाव्याचा निकाल लागेपर्यंत विक्री थांबवण्याचा) अर्ज फेटाळला, म्हणून सोलापूरच्या चिंचोळी एमआयडीसीतल्या बल्क ड्रगवाल्याने, म्हणजे औषधाचा मूळ घटक बनवणाऱ्याने, लगेच बॅच लावू नये. व्यापारी न्यायालय कायद्याच्या कलम 13 खाली अपिलाला 60 दिवस असतात, पण पेटंटधारक औषध कंपन्या तेवढं थांबत नाहीत. सोबत अर्ज असतोच, अपिलाचा निकाल लागेपर्यंत विक्री बंद ठेवा. त्यामुळे निकालाच्याच दिवशी कॅव्हेट, म्हणजे आमचं ऐकल्याशिवाय आदेश देऊ नका असा अर्ज, टाका. ते 90 दिवस चालतं. सोलापूर आता कोल्हापूर सर्किट बेंचखाली असलं तरी दावा कुठे लावायचा हे पेटंटधारक ठरवतो, आणि अशी प्रकरणं बरेचदा दिल्लीत चालतात. कॅव्हेट तिथेच हवं.

पहिल्या तारखेला अपील ऐकणारं डिव्हिजन बेंच (दोन न्यायाधीशांचं) विचारतं, 'तोवर माल आणणार नाही असं सांगता का?' वकिलाने 'हो' म्हटलं की ती हमी रोजनाम्यात जाते आणि मोडली तर अवमान होतो.

हमी सोयीची वाटते. युक्तिवाद टळतो, लवकरची तारीख मिळते. माल अजून बनवलाच नसेल आणि पेटंटची पाच-सहा वर्षं उरली असतील, तर दीड-दोन महिन्यांची हमी परवडते. आठ महिनेच उरले असतील, तर हमी म्हणजे न हरता हरणं. चूक होते ती शब्दांत. 'पुढील आदेशापर्यंत' लिहू देऊ नका. ठरलेली तारीख घाला, आणि तहकुबी अपीलकर्त्याने मागितली तर हमी संपेल असंही. उत्पादन, देशी विक्री आणि निर्यात वेगवेगळं लिहा. नोंदणीसाठी ग्राहकाला जाणारे नमुने पेटंट कायद्याच्या कलम 107अ खाली सुरक्षित आहेत, ते हमीबाहेर ठेवा. हे राहून गेलं की परदेशी ग्राहकाची नोंदणीची फाइलच अडते.

हिशेब ठेवून विक्री करायची तर दर तीन महिन्यांनी प्रतिज्ञापत्र द्यावं लागतं: बॅच नंबर, किलो, इन्व्हॉइस, खरेदीदार, सोबत सीएचा दाखला. डिस्पॅच रजिस्टर आणि जीएसटी रिटर्न जुळले नाहीत तर बेंचचा विश्वास पहिल्याच फेरीत जातो. तरीही खाली जिंकलेल्याने हीच वाट आधी मांडावी, असं आमचं मत. सर्वोच्च न्यायालयाच्या वॉन्डर विरुद्ध अँटॉक्स (1990) या निकालानुसार अपील न्यायालय खालच्या जजच्या विवेकाधिकारात सहजासहजी हात घालत नाही. रॉश-सिप्लाच्या एर्लोटिनिब (कर्करोगाचं औषध) प्रकरणात 2008 ला नाकारलेली मनाई 2009 ला डिव्हिजन बेंचनेही नाकारली. रॉशची 4,800 रुपयांची गोळी विरुद्ध सिप्लाची 1,600 ची, हाही मुद्दा होताच. उलट उदाहरणही आहे: सिटाग्लिप्टिन या मधुमेहाच्या औषधाच्या प्रकरणात 2013 ला नाकारलेली मनाई मार्च 2015 ला बेंचने दिली, म्हणजे बाजारात असलेला माल मध्येच थांबला. म्हणून गोदामात महिन्या-दीड महिन्यापेक्षा जास्त साठा करू नका. रिटेस्ट डेट (माल पुन्हा तपासायची तारीख) कोर्टासाठी थांबत नाही.

खाली हरला असाल तर गणित उलटं. नुसत्या अपिलाने स्थगिती मिळत नाही. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या आदेश 41 नियम 5 खाली मोठं नुकसान होईल हे दाखवून तारण द्यावं लागतं. वॉन्डरचा निकालही आता तुमच्याच विरुद्ध. तेव्हा हिशेब आणि रक्कम जमा करण्याची तयारी हाच तुमचा हुकमी पत्ता.

मनाई झालीच, तर पेटंटधारकाकडून नुकसानभरपाईची लेखी हमी मागा. ती नसेल तर चुकीच्या मनाईबद्दल दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम 95 खाली जास्तीत जास्त 50,000 रुपये मिळतात. एका रिअॅक्टरचा महिन्याचा खर्चही त्यात निघत नाही.