दोन बर्नर, एक इंडक्शन: आठ महिने वापरून

नुसतं इंडक्शन घ्यायचं धाडस झालं नाही, म्हणून गॅसचे दोन बर्नर आणि एक इंडक्शन असा एकत्र हॉब, म्हणजे काचेची शेगडी, घेतला. पाणी, दूध तापवणं आता सगळं इंडक्शनवर. ज्योतीची बरीचशी उष्णता भांड्याच्या कडेने निसटते, इथे थेट बूडच तापतं. वीज गेली की गॅस आहेच, आणि गोल बुडाची कढई तिथेच बरी.

घेण्याआधी फ्रिजवरचं लोहचुंबक काढा आणि भांडी तपासा. बुडाला घट्ट चिकटलं तरच ते भांडं चालेल. माझी ॲल्युमिनियमची, तांब्याची सगळी बाद, स्टीलचीसुद्धा दोन! दुकानात हे कुणी बोललं नाही. शिवाय माझं इंडक्शन 2000 वॅटचं, ओट्याजवळच्या सॉकेटला तो भार झेपेना. इलेक्ट्रिशियन येईपर्यंत चार दिवस अर्धा हॉब शोभेला.

खटकतात ती टच बटणं. बर्नरच्या फार जवळ आहेत. मोठं पातेलं गॅसवर असलं की तिथली काच तापते, ओलं बोट लागलं की पीं-पीं करून सगळं बंद.

आणि हो, ज्योत विझल्यावर गॅस आपोआप बंद करणारा फ्लेम फेल्युअर डिव्हाइस नसेल, तर तो हॉब घेऊच नका.