बोनस की कायमची पगारवाढ? अमेरिकेतल्या प्रादेशिक विमान कंपन्यांचा पेच

२००९ साली बफलोजवळ कोलगन एअरचं विमान कोसळलं, ५० जण गेले. त्यानंतर नियम कडक झाले आणि २०१३पासून सहवैमानिकालाही साधारण १,५०० तासांचा अनुभव लागू लागला. तुटपुंज्या पगारावर इतकं शिकून येणार कोण? वैमानिकांच्या टंचाईच्या कारणांत मोठ्या कंपन्यांची ओढही आहेच. प्रादेशिक कंपनीतले अनुभवी वैमानिक तिकडेच जातात.

कंपन्यांना सोपा वाटतो तो बोनस. पैसे झटपट देता येतात, गरज सरली की बंदही करता येतात. पण बोनससाठी बांधून घेतलेली मुदत संपली की माणूस जायला मोकळा. शिवाय नवख्याला घसघशीत रक्कम आणि जुना कॅप्टन होता तिथेच, हे मला सरळ अन्यायाचं वाटतं.

वैमानिक संघटनेशी केलेल्या करारातली पगाराची दरवाढ कंपनीला जड जाते, कारण विमान कंपन्यांनाही लागू असलेल्या रेल्वे लेबर अ‍ॅक्टखाली करार मुदतीनंतरही नवा होईपर्यंत लागूच राहतो. वैमानिकाला मात्र त्यावर घरकर्ज काढता येतं. रिपब्लिक एअरवेज या प्रादेशिक कंपनीच्या वैमानिकांनी २०१४मध्ये प्रस्तावित करार फेटाळला. नवा करार २०१५मध्ये झाला. तरी २०१६च्या फेब्रुवारीत कंपनी दिवाळखोरी संरक्षणात गेली, वैमानिकांची टंचाई हे कारण देत. वाढ उशिरा आली, असं माझं मत.

२०२२मध्ये एन्व्हॉय या दुसऱ्या प्रादेशिक कंपनीने नव्या सहवैमानिकांना ताशी ९० डॉलर देऊ केले, पण त्यातला मोठा वाटा २०२४पर्यंतचा तात्पुरता. संघटनेत असतो, तर मी कायमच्या दरासाठीच भांडलो असतो.