‘मी वसंतराव’, ‘संगीत मानापमान’ की सवाईची बैठक: सुरुवात कुठून करावी?

शास्त्रीय गाण्याकडे नव्याने वळलेले लोक हमखास विचारतात, आधी सिनेमा बघू की थेट मैफलीला जाऊ? विचारणारे बहुतेक तिशी-पस्तिशीतले असतात. घरात आजोबांच्या कॅसेट असायच्या, रेडिओवरची नाट्यगीतं कानावरून गेलेली असतात, ‘सूर निरागस हो’ गाडीत वाजतं; पण ख्याल, म्हणजे एकाच रागाचा सावकाश विस्तार, ऐकायला तास-दीड तास बसायची हिंमत होत नाही. त्यांच्यासाठी मी तीन गोष्टी शेजारी शेजारी ठेवते आहे. निपुण धर्माधिकारी यांचा ‘मी वसंतराव’ (२०२२), सुबोध भावे यांचा ‘संगीत मानापमान’ (२०२५) आणि पुण्याचा सवाई गंधर्व भीमसेन महोत्सव. तिन्हींवर माझा जीव आहे, पण सारखा नाही, आणि तो फरक सांगण्यासाठीच हे लिहिते आहे.

‘कट्यार काळजात घुसली’ (२०१५) यात का नाही, असं कुणी विचारेल. तो बहुतेकांनी आधीच पाहिलेला आहे. त्यातल्या ‘अरुणी किरणी’साठी महेश काळे यांना राष्ट्रीय पुरस्कार मिळाला आणि एका अख्ख्या पिढीच्या कानात नाट्यसंगीत परत आलं. तिथून पुढे कुठे जायचं, हा आजचा विषय.

‘मानापमान’: घरच्या सगळ्यांसाठी

कृष्णाजी प्रभाकर खाडिलकरांचं मूळ नाटक १९११ सालचं. पदांना चाली गोविंदराव टेंब्यांच्या, नायिका भामिनीच्या भूमिकेत बालगंधर्व. पहिल्या प्रयोगाच्या दिवशीच बालगंधर्वांची लहान मुलगी गेली आणि तरीही ते रंगमंचावर उभे राहिले, ही हकिगत मराठी घरांमधून अजून सांगितली जाते. पुढे १९२१ साली केशवराव भोसले नायक धैर्यधर आणि बालगंधर्व भामिनी असा ‘संयुक्त मानापमान’ टिळक स्वराज्य फंडासाठी झाला. एवढा मोठा वारसा अंगावर घेऊन आजच्या पडद्यावर येणं धाडसाचंच होतं, आणि त्या धाडसाबद्दल मला मनापासून आदर आहे.

चित्रपट दिसायला भव्य आहे. राजवाडे, तलवारी, दागिने, रंगांची उधळण. वैदेही परशुरामी यांची भामिनी डोळ्यांत भरते आणि सुमीत राघवन खलनायकी करताना मजा घेतात, ती प्रेक्षकांपर्यंत पोचते. संगीत शंकर-एहसान-लॉय यांचं. ओळखीच्या पदाचा मुखडा मोठ्या वाद्यमेळात उचलला जातो तेव्हा छाती भरून येते. माझ्या शेजारची आठ-नऊ वर्षांची मुलगी आईला दर गाण्याला विचारत होती, ‘हे आजीचं गाणं आहे का?’ आजीचं गाणं तिला मोठ्या पडद्यावर भेटलं, एवढ्यासाठीसुद्धा हा चित्रपट व्हायला हवा होता.

पण गाणं ऐकायची तहान घेऊन गेलात तर ती भागत नाही. कथा पुढे न्यायची असते, प्रसंग बदलायचा असतो, त्यामुळे पद रंगायला लागतं आणि संपतं. जुन्या रंगभूमीवर ‘नाही मी बोलत नाथा’ला वन्समोअर मिळायचे, नट-गायक तेच पद पुन्हा घेऊन दर वेळी वेगळं मांडायचा, आणि लोक पहाटेपर्यंत बसायचे. नाट्यपदाचा जीव त्या विस्तारात आहे. चार मिनिटांच्या गाण्यात चाल कळते, शब्द कळतात, पण गाणारा मनात आलेली जागा तिथल्या तिथे घेतो, ती मिळत नाही. हे माध्यमाचं बंधन आहे, कलाकारांना त्याचा दोष देता येणार नाही.

‘मी वसंतराव’: माणूस समजून घ्यायचा असेल तर

हा चित्रपट जवळपास तीन तासांचा आहे आणि मला तो एक मिनिटानेही कमी नको होता.

डॉ. वसंतराव देशपांडे यांची भूमिका त्यांच्या नातवाने, राहुल देशपांडे यांनी केली आहे. वसंतराव १९८३ साली गेले तेव्हा राहुल चार वर्षांचेही नव्हते. म्हणजे ज्या आजोबांना त्यांनी ध्वनिमुद्रणांतून आणि दुसऱ्यांच्या आठवणींतून ओळखलं, त्यांचंच आयुष्य त्यांना पडद्यावर जगायचं होतं, आणि गळ्यानेही. त्या गाण्यासाठी त्यांना राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. तो मिळायला हवाच होता. नक्कल करायचा मोह किती असेल! पण राहुल वसंतरावांचा आवाज काढत बसत नाहीत. त्यांची बेदरकार उडी, लयीशी चाललेली मस्ती, मधेच तान तोडून दुसरीकडेच जाणं, हे ते घेतात आणि आवाज आपलाच ठेवतात.

मला या चित्रपटाने हलवलं ते मात्र गाण्याच्या अलीकडच्या गोष्टींनी. नागपुरात मुलाला एकटीने वाढवणारी आई, आणि ती साकारणाऱ्या अनिता दाते. मिलिटरी अकाउंट्समधली नोकरी, फायली, बदल्या. एवढा गळा असलेला माणूस वर्षानुवर्षं कारकुनी करतो, घर चालवतो, आणि अमुक एका घराण्याच्या चौकटीत बसत नाही म्हणून जाणकार त्याच्याकडे जरा लांबूनच बघतात. ‘कट्यार’ नाटक १९६७ साली आलं, खाँसाहेबांच्या भूमिकेने त्यांना घराघरात नेलं, तेव्हा ते सत्तेचाळीस वर्षांचे होते. सत्तेचाळीस! चित्रपटगृहातून बाहेर पडल्यावर माझ्या डोक्यात हाच आकडा घुमत होता. पु. लं.सारखा मित्र पाठीशी नसता तर काय झालं असतं, याचा विचारही करवत नाही.

नवख्या श्रोत्याला या चित्रपटातून एक फार मोलाची गोष्ट मिळते. राग हा नियमांचा तक्ता वाटेनासा होतो. वसंतराव लाहोरला असद अली खाँसाहेबांकडे मारवा शिकले. चित्रपट पाहून झाल्यावर ‘मारवा’ हा शब्द कानावर आला की आता मला एक तरुण मुलगा दिसतो, गावापासून लांब, एकाच रागापाशी बसून राहिलेला. रागाशी असं नातं जुळलं की पुढचं ऐकणं आपोआप सोपं होतं.

उणीव सांगायची तर एकच. आयुष्यातले इतके टप्पे घ्यायचे असल्यामुळे उत्तरार्धात काही माणसं भेटतात आणि पुरती ओळख व्हायच्या आत निघून जातात. मला त्याचा फारसा त्रास झाला नाही. ज्यांना वसंतरावांचं चरित्र आधी अजिबात ठाऊक नाही, त्यांना मधे थोडं चुकल्यासारखं वाटू शकेल.

सवाई: गाणं घडताना

आता मैफल. पंडित भीमसेन जोशी यांनी गुरू सवाई गंधर्व, म्हणजे रामभाऊ कुंदगोळकर, यांच्या स्मरणार्थ १९५३ पासून हा महोत्सव सुरू केला. पूर्वी तो रमणबागेत व्हायचा, रात्र रात्र चालायचा. आता मुकुंदनगरच्या महाराष्ट्रीय मंडळाच्या मैदानावर भरतो आणि ध्वनिवर्धकावर वेळेचं बंधन आहे. त्यामुळे एक झालंय: मध्यरात्रीचा दरबारी, उत्तररात्रीचा मालकंस आपापल्या वेळेला ऐकायचं भाग्य सहसा मिळत नाही. पण दुपारपासून गाणं सुरू होत असल्याने संध्याकाळचे राग अगदी आपल्या वेळेवर येतात.

याच महोत्सवात एका संध्याकाळी एक तरुण गायिका मारवा गायला बसली, आणि त्या तासाभरासाठी मी वाचकाला पुण्याचं तिकीट काढायला सांगेन.

आधी तिने तंबोरे पुन्हा लावून घेतले. मारव्यात पंचम (प) नाही, म्हणून पहिली तार पंचमावरून निषादावर (नी) न्यायची असते. मागे बसलेल्या दोन मुली खुंट्या पिळतायत, तारा ज्यावर टेकतात त्या घोडीवरचा रेशमाचा दोरा एका केसाएवढा पुढेमागे सरकवतायत, गायिका डोळे मिटून नुसती मान हलवतेय: नाही, अजून नाही. मांडवात हजारो माणसं आणि तिला घाई नाही. मग तार बोलायला लागली आणि तिने मान हलवायची थांबवली. माझ्या पुढे बसलेले एक आजोबा तेवढ्यानेच ‘वा’ म्हणाले. अजून एकही स्वर गायला गेला नव्हता.

त्यानंतर जे झालं ते कुठल्याही पडद्यावर होऊ शकत नाही. मारव्यात षड्जावर, म्हणजे ‘सा’वर, लवकर विसावत नाहीत. कोमल रिषभ (रे) आणि शुद्ध धैवत (ध) यांच्यामध्ये गळा फिरत राहतो, घर समोर दिसतं पण आत जायचं नाही. तंबोऱ्यात षड्ज सतत वाजतोय आणि गाणारी तो घेत नाहीये. बाहेर उजेड कमी होत होता, मांडवाच्या कडेने थंडी आत येत होती, आणि माझ्या पोटात चक्क कालवाकालव व्हायला लागली. शेवटी तिने एकदा, अगदी साधेपणाने, षड्ज लावला. आजूबाजूला सगळ्यांनी एकदम श्वास सोडला. हे मी अलंकार म्हणून लिहीत नाही, तो आवाज ऐकू आला.

चित्रपटातला मारवा मला रडवून गेला होता, पण ते रडणं वसंतरावांसाठी होतं. इथे कुणाची गोष्टच नव्हती. जे काही झालं ते स्वरांनी केलं.

सवाईच्या अडचणीही मोकळेपणाने सांगायला हव्यात. मांडव प्रचंड आहे. मागे जागा मिळाली तर गायक चिमणीएवढा दिसतो आणि तुम्ही शेवटी मोठ्या पडद्याकडेच बघत बसता. खाण्याच्या स्टॉलपाशी गर्दी, गप्पा, आणि मधेच उठणारी माणसं असतात. विलंबित, म्हणजे संथ लयीतला, ख्याल सुरू असताना शेजारी कुणी फोनवर पार्किंगची चर्चा करायला लागलं की मला खरोखर वाईट वाटतं, कारण समोर जे चाललंय ते परत होणार नसतं. भारतीय बैठकीचं तिकीट खुर्चीपेक्षा बरंच स्वस्त, आणि ऐकायला बैठकच चांगली, पण पाठीला टेकू नाही. गुडघे दुखत असतील तर दोनदा विचार करा.

मग कुणी काय निवडावं

घरात लहान मुलं आणि आजी-आजोबा एकत्र असतील, एका संध्याकाळी सगळ्यांना सामावून घ्यायचं असेल, तर ‘मानापमान’. गोष्ट सोपी आहे, डोळ्यांना सुख आहे, आणि चित्रपट संपल्यावर आजीला मूळ पद म्हणायला सांगा. चित्रपटाने दिलेली चाल आणि आजीच्या गळ्यातली चाल यातला फरक मुलं लगेच पकडतात.

एकटे असाल, किंवा बरोबर असा कुणी असेल ज्याच्याशी नंतर तासभर बोलता येईल, तर ‘मी वसंतराव’. नोकरी आणि आवड यांच्यात ओढाताण होणाऱ्या प्रत्येकाने तर बघावाच. फक्त मोबाइलच्या स्पीकरवर बघू नका. याच्या ध्वनिसंयोजनालाही राष्ट्रीय पुरस्कार आहे. चांगले हेडफोन लावा नाहीतर ज्याच्याकडे बरी ध्वनियंत्रणा आहे त्याच्या घरी जा. आणि सलग बघा. तुकड्या-तुकड्यांत बघितला तर त्यातली वर्षं जाणवत नाहीत, आणि या गोष्टीत वर्षांनाच महत्त्व आहे.

‘आपल्याला काय कळणार’ या भीतीने मैफल टाळत असाल तर माझं स्पष्ट मत आहे: ती भीती सोडा, पण तयारीशिवाय जाऊ नका. तयारी म्हणजे रागांची पुस्तकं नव्हेत. पहिली वीस मिनिटं काहीच घडत नाहीये असं वाटेल, तेव्हा उठायचं नाही, एवढं आधीच ठरवा. समेवर, म्हणजे तालाच्या पहिल्या मात्रेवर, आजूबाजूचे हात खाली येतात, ते बघा. बंदिशीचा मुखडा, म्हणजे गाण्याची पुन्हा पुन्हा येणारी पहिली ओळ, ओळखायला शिका, तो परत कधी येतो याची वाट बघायला लागलात की तुम्ही गाण्यात शिरलात. आणि पहिल्याच वेळी सगळे दिवस बसायचा हट्ट नको. एक दिवस निवडा, त्यातले दोन कलाकार निवडा, मधल्या वेळेत बाहेर जाऊन कॉफी प्या.

पुणं लांब पडत असेल तर आपल्या गावातल्या गायन समाजाच्या, संगीत मंडळाच्या छोट्या बैठका शोधा. पन्नास-शंभर माणसांत, गायकापासून दहा फुटांवर बसून ऐकणं हे नवख्या माणसासाठी सवाईपेक्षाही चांगलं, असं मी बिनदिक्कत म्हणेन. तिथे तबलजी आणि गायक एकमेकांकडे बघून हसतात, तेही दिसतं. शिवाय अशा बैठकीत शेवटी नाट्यपदाची फर्माईश बहुतेक वेळा मान्य होते. ‘कट्यार’मधलं ‘घेई छंद मकरंद’ मागून बघा. पडद्यावर काही मिनिटांत संपलेलं तेच पद चांगलं पंधरा-वीस मिनिटं चालेल, आणि ‘मानापमान’ बघताना जी भूक राहिली होती ती तिथे भागेल.

तिन्ही करायची इच्छा आणि सवड असेल तर माझा क्रम असा: नोव्हेंबरात ‘मी वसंतराव’, डिसेंबरात सवाईचा एक दिवस, आणि ‘मानापमान’ त्यानंतर, घरच्यांना घेऊन. सवाईची तिकिटं आधी काढून ठेवा, शाल विसरू नका, आणि दुपारी गाणं सुरू व्हायच्या अर्धा तास आधी पोचा, म्हणजे बैठकीत पुढची जागा मिळेल.